गावठाण, वाडी, वस्ती आणि घरातली लाईट: सोलापूर जिल्ह्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं आम्ही दोघे-तिघे मिळून मोहोळ, माढा, मंगळवेढा या पट्ट्यात लोकांचे वीजजोडणीचे फॉर्म भरून देतो. रोज फोनवर तेच ते प्रश्न येतात, म्हणून इथे एकत्र केलेत. प्रश्न लोकांच्याच भाषेत ठेवलेत. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडच्या आज्ज्या कन्नडमध्ये विचारतात, ते तेवढे मराठीत केले.

१. घरात लाईट घ्यायची आहे. सुरुवात कुठून करायची?

आपल्या गावाच्या महावितरण शाखा कार्यालयातून, म्हणजे ज्याला सगळे सेक्शन ऑफिस म्हणतात तिथून. सोलापूर मंडल बारामती परिमंडलात येतं. त्याखाली सोलापूर शहर, सोलापूर ग्रामीण, बार्शी, पंढरपूर आणि अकलूज असे विभाग आहेत. पण तुम्हाला इतक्या वर जायची गरज नाही. गावच्या वायरमनला विचारा, आपलं सेक्शन कुठलं ते त्याला माहीत असतं. अर्ज महावितरणच्या संकेतस्थळावरून किंवा मोबाईल ॲपवरूनही करता येतो. तसा केलात तर अर्ज क्रमांक जागेवर मिळतो आणि पुढे "तुमचा कागद इथे आलाच नाही" हे उत्तर ऐकावं लागत नाही. आम्ही तरी आता ऑनलाईनच भरतो.

२. कागदपत्रं कोणती लागतात? प्रत्येक जण वेगळंच सांगतो.

मुळात दोनच गोष्टी सिद्ध करायच्या असतात: तुम्ही कोण, आणि त्या घरात राहता की नाही. पहिल्यासाठी आधार किंवा मतदार ओळखपत्र. दुसऱ्यासाठी गावठाणातलं घर असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीचा कागद. शेतात घर असेल तर सातबारा. याशिवाय घरातली वायरिंग नीट केल्याचा परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट.

इथे एक गल्लत हमखास होते. नमुना ८ वेगळा आणि ८-अ वेगळा. पहिला ग्रामपंचायतीत मिळतो आणि तो घराचा असतो. दुसरा तलाठ्याकडे मिळतो आणि तो जमिनीच्या खात्याचा असतो. ऑफिसात "आठचा उतारा आणा" असं सांगितलं की माणूस तलाठ्याच्या दारात उभा राहतो, तिथून ८-अ घेऊन येतो, आणि त्याचा एक दिवस व एसटीचं भाडं वाया जातं. घरच नावावर नसेल तर प्रश्न ६ बघा.

३. कोटेशनमध्ये कशाकशाचे पैसे असतात? वायरमनला वेगळे द्यायचे का?

कोटेशनमध्ये अर्जाची प्रक्रिया फी, जोडणीचा आकार आणि सुरक्षा ठेव असते. लोडप्रमाणे रक्कम बदलते आणि दर वीज नियामक आयोग ठरवतो. त्यामुळे शेजारच्याने तीन वर्षांपूर्वी किती भरले यावर जाऊ नका. पैसे कोटेशनप्रमाणे भरायचे आणि पावती घ्यायची. घरातल्या वायरिंगचा खर्च तुमचा तुम्ही करायचा, तो कोटेशनमध्ये नसतो.

वायरमनला वेगळे द्यायचे का, याचं उत्तर नाही. चहा पाजा, उन्हातून आलेला असतो.

सुरक्षा ठेव तुमचीच असते. त्यावर व्याज मिळतं आणि जोडणी कायमची बंद केली की ठेव परत मिळते. वर्षातून एकदा "अतिरिक्त सुरक्षा ठेव" असं वेगळं बिल येतं, ते पाहून लोक घाबरून फोन करतात. तुमचा वापर वाढला असेल तर त्या सरासरीने ठेवीतला फरक मागितलेला असतो. तो दंड नसतो.

४. पैसे भरले, आता मीटर किती दिवसांत बसायला पाहिजे?

वीज कायदा २००३ च्या कलम ४३ प्रमाणे मागेल त्याला वीज देणं वितरण कंपनीवर बंधनकारक आहे. केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांत २०२४ मध्ये सुधारणा झाली आणि ग्रामीण भागाची मुदत ३० दिवसांवरून १५ वर आली. हे कागद पूर्ण असतील आणि जवळ खांब असेल तर. नवीन खांब टाकायचे असतील किंवा ट्रान्सफॉर्मर वाढवायचा असेल तर ९० दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो.

मुदत पाळली नाही तर भरपाईची तरतूद आहे, पण ती मागावी लागते. त्यासाठी अर्जाची तारीख आणि पावती दोन्ही हातात हवं. तोंडी अर्जाला तारीख नसते. (तक्रार कशी करायची ते प्रश्न १५ मध्ये.)

५. सौभाग्य योजनेत फुकट मीटर मिळत होतं. ते अजून चालू आहे का?

नाही. सौभाग्य योजना २५ सप्टेंबर २०१७ ला जाहीर झाली आणि ३१ मार्च २०२२ ला बंद झाली. तिच्यात २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेच्या यादीतल्या गरीब कुटुंबांना जोडणी मोफत होती. बाकीच्यांना ५०० रुपये, तेही बिलातून ५० रुपयांच्या दहा हप्त्यांत. त्याआधी २००५ मध्ये राजीव गांधी ग्रामीण विद्युतीकरण योजना आली, मग दीनदयाळ उपाध्याय ग्रामज्योती योजना. त्याहून आधी, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, कुटीर ज्योती होती, एका घराला एक दिवा. जुन्या झोपड्यांच्या कुडावर आजही तो काळा बोर्ड कुठे कुठे दिसतो.

आता काय आहे? अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबांसाठी राज्याने १४ एप्रिल २०२१ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर जीवन प्रकाश योजना सुरू केली. ठेव ५०० रुपये, तीही पाच हप्त्यांत, आणि त्या जागेवर जुनी थकबाकी नको. अशा योजनांना मुदत असते. म्हणून अर्जाच्या वेळी जातीचा दाखला सोबत ठेवा आणि योजना चालू आहे का हे काउंटरवर नाव घेऊन विचारा. आपण विचारलं नाही तर तिकडून सांगत नाहीत, असा आमचा अनुभव आहे.

६. घर गायरानात आहे, उतारा नाही. लाईट मिळेल का?

कायद्याच्या कलम ४३ मध्ये मालक किंवा भोगवटादार असे दोन शब्द आहेत. भोगवटादार म्हणजे जो तिथे राहतो तो. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ च्या एका निकालात सांगितलं की वीज ही मूलभूत सुविधा आहे, आणि अर्जदार त्या जागेत राहतो की नाही एवढंच वीज कंपनीने पाहायचं असतं. तो खटला घरमालक आणि भाडेकरूचा होता, पण त्यातलं तत्त्व तुमच्या अर्जात लिहायला उपयोगी पडतं.

प्रत्यक्षात आम्ही असं करतो: ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला, रेशनकार्ड, त्या पत्त्यावरचं मतदार ओळखपत्र, आणि "या जोडणीच्या आधारे मी जागेवर हक्क सांगणार नाही" असं हमीपत्र. काही ठिकाणी लगेच होतं, काही ठिकाणी दोन-तीन चकरा होतात. जागा पाडण्याचा आदेश निघालेला असेल किंवा कोर्टाची मनाई असेल तर मात्र अडतं.

हेही लक्षात ठेवा: लाईटबिल मालकीचा पुरावा नाही. "बिल माझ्या नावाचं आहे म्हणजे घर माझं" या समजुतीवर भावकीत किती भांडणं झाली याचा हिशोब नाही.

७. थोरला भाऊ सही देत नाही. घर आजोबांच्या नावावर आहे. काय करू?

वरच्या उत्तरातला २०२२ चा निकाल इथे तर थेट लागू पडतो. संमती मिळत नाही एवढ्याच कारणाने जोडणी अडवता येत नाही. अर्जात स्पष्ट लिहा की मी वेगळ्या चुलीचा आहे, माझं रेशनकार्ड वेगळं आहे, माझ्या खोलीला वेगळं दार आहे. वेगळी चूल आणि वेगळं दार, या दोन गोष्टी पाहणीला येणारा माणूस हमखास बघतो. एकाच चुलीच्या घरात दुसरं मीटर फक्त स्वस्त टप्पा दोनदा मिळावा म्हणून मागत असाल तर ते मिळत नाही, आणि मिळू नये.

८. घर विकत घेतलं. मागच्या मालकाची १४ हजार थकबाकी माझ्याकडे मागतात. हे बरोबर आहे का?

वाईट वाटेल, पण बऱ्याचदा बरोबर असतं. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की नियमांत तशी तरतूद असेल तर जागेवरची जुनी थकबाकी नव्या मालकाने भरल्याशिवाय जोडणी नाकारता येते. म्हणून घर घेताना सातबारा, उतारा पाहता तसं शेवटचं लाईटबिल बघा. मीटर काढून नेलेलं असेल, म्हणजे जोडणी पीडी (कायमची बंद) झालेली असेल, तर सेक्शनमध्ये ग्राहक क्रमांक देऊन बाकी विचारा. व्यवहाराच्या कागदात "वीजबाकी विकणाऱ्याने भरायची" ही ओळ टाका.

सूट कुठे आहे? वीज कायद्याच्या कलम ५६(२) प्रमाणे, बाकी देय झाल्यापासून दोन वर्षांनंतर ती वसूल करता येत नाही, जर ती दरम्यान बिलात सतत दाखवलेली नसेल तर. त्यामुळे जुनी बिलं मागवून बघा. बाकी अचानक आज उगवली की दर महिन्याला छापून येत होती, यावर सगळं ठरतं. पीडी थकबाकीसाठी महावितरण अधूनमधून व्याज-दंड माफीची योजना आणते, तेव्हा भरणं परवडतं.

९. सरकार म्हणतं आमचं गाव शंभर टक्के विद्युतीकरण झालेलं आहे. मग आमच्या वस्तीवर अंधार का?

हा प्रश्न आम्हाला सगळ्यांत जास्त वेळा येतो, आणि रागानेच येतो.

१९९७ पर्यंत व्याख्या अशी होती की गावाच्या महसुली हद्दीत कशासाठीही वीज वापरली गेली की गाव विद्युतीकृत. म्हणजे एका बागायतदाराच्या विहिरीवर मोटर बसली की कागदावर सगळं गाव उजळलं, घरात चिमणी असली तरी. २००४ मध्ये व्याख्या बदलली. वस्तीत आणि दलित वस्तीत ट्रान्सफॉर्मर व लाईन हवी, शाळा, ग्रामपंचायत, दवाखाना अशा सार्वजनिक जागी वीज हवी, आणि किमान १० टक्के घरांत जोडणी हवी. दहा टक्के! शंभर उंबऱ्यांच्या गावात दहा घरं. २८ एप्रिल २०१८ ला मणिपूरमधलं लेइसांग हे गाव जोडलं गेलं आणि देशातली सगळी गावं विद्युतीकृत झाल्याचं जाहीर झालं. ते याच व्याख्येने.

घरं मोजायला सुरुवात झाली ती सौभाग्यपासून, आणि तिथेही ज्या दिवशी मोजलं त्या दिवशीची घरं धरली गेली. आपल्याकडे लोक गावठाणातून रानात राहायला जातात. सांगोल्याकडे डाळिंबाच्या बागेत, माळशिरसकडे उसाच्या फडाशेजारी, मुलगा वेगळा निघाला की पत्र्याच्या दोन खोल्या टाकतो. ते घर कुठल्याच यादीत नसतं. म्हणून यादीशी वाद घालत बसू नका. तुमच्या घराचा अर्ज द्या. अर्ज असेल तरच तुम्ही मोजले जाता.

१०. वस्ती गावठाणापासून लांब आहे. खांबाचे पैसे आम्हालाच भरायला सांगतात.

जवळच्या खांबापासून सर्व्हिस वायर पोहोचत असेल तर प्रश्नच नाही. त्यापलीकडे खांब टाकावे लागत असतील तर ते काम कंपनीच्या योजनेतून, जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून, किंवा आमदार-खासदार निधीतून होतं. एका घरासाठी मागाल तर रांगेत मागे राहाल. वस्तीवरच्या पाच-सात घरांनी एकत्र अर्ज द्या, ग्रामसभेचा ठराव जोडा, हाताने काढलेला का होईना नकाशा जोडा. दलित वस्ती असेल तर समाजकल्याणच्या वस्ती सुधार योजनेचा उल्लेख ठरावात करा.

घाई असेल तर स्वतः खर्च करून काम करून घ्यायचा आणि ते पैसे पुढे बिलातून वळते करून घ्यायचा मार्गही असतो. पण परतफेड होणार असं मंजुरीच्या पत्रात लिहून आल्याशिवाय ठेकेदाराला एक रुपया देऊ नका. तोंडी "होतंय की" वर विसंबून खांब रोवलेले आणि नंतर पस्तावलेले लोक आम्हाला माहीत आहेत.

११. वस्तीवर लाईट आहे, पण संध्याकाळी बल्ब उदबत्तीसारखा जळतो. मोटरची लाईन असते तेव्हाच उजेड. असं का?

गावठाणाचा फीडर (वीजवाहिनी) आणि शेतीचा फीडर वेगळे केलेले आहेत. गावठाणाला चोवीस तास पुरवठा धरलेला असतो. शेतीच्या फीडरला थ्री फेज ठरावीक तास, साधारण आठ, कधी दिवसा तर कधी रात्री. रानातली वस्ती बहुधा या शेतीच्या फीडरवर असते. मोटरचे तास संपले की तिथे फक्त सिंगल फेज राहतो, तो घरातल्या दिव्यापुरता.

आता यात खोड कुठे होते ते सांगतो. सिंगल फेज असताना काही जण कपॅसिटर लावून थ्री फेजची मोटर तशीच ओढतात. पाच एचपीची मोटर म्हणजे पावणेचार किलोवॅट. नऊ वॅटचे चारशे बल्ब. एका फेजवर एवढा भार आला की त्या डीपीवरच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या वस्तीचा दाब कोसळतो. नियमाप्रमाणे घरात २३० व्होल्ट हवेत, त्यात सहा टक्के कमी-जास्त चालतं. आम्ही एका वस्तीवर संध्याकाळी सातला व्होल्टमीटर लावला तर १३० दाखवत होता. त्या उजेडात पोरांनी अभ्यास करायचा! आणि जी मोटर चालू होती ती तक्रार करणाऱ्याच्याच चुलत्याची निघाली.

उपाय दोन. एक, वस्तीवरच ठरवून कपॅसिटर काढा, हे पोलिसांपेक्षा पोळ्याच्या दिवशी पारावर लवकर सुटतं. दोन, वस्ती मोठी असेल तर गावठाण फीडरवर घेण्याची मागणी करा. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून शेतीचे फीडर सौर प्रकल्पांवर घेणं चालू आहे, त्यामुळे काही भागांत मोटरची लाईन दिवसा मिळू लागली आहे. रात्री पाण्याला जायचं थांबलं की हा कपॅसिटरचा खेळही कमी होतो.

१२. शेतपंपाचं बिल माफ आहे. मग मोटरच्या पेटीतून घराला वायर ओढली तर काय बिघडतं?

साडेसात एचपीपर्यंतच्या शेतपंपांना एप्रिल २०२४ पासून मोफत वीज आहे, हे खरं. पण ती पंपासाठी आहे. ती घराला वापरली तर कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो आणि दुप्पट दराने आकारणी होते. कधीपासून वापर चालू आहे हे कळत नसेल तर मागच्या बारा महिन्यांची. त्यात मोटरच्या पेटीजवळ धड अर्थिंग नसतं, आणि घरात लहान पोरं असतात. घरगुती मीटर घ्या.

१३. शेजाऱ्याच्या मीटरवरून वायर घेतलीय, महिन्याला दोनशे देतो. आणि आकड्याचं काय होतं?

शेजाऱ्याकडून घेणंही कलम १२६ मध्येच येतं, कारण वीज ज्या घरासाठी मंजूर आहे त्या घराबाहेर गेली. आकारणी शेजाऱ्यावर होते. म्हणजे भल्या माणसाला तुम्ही गोत्यात आणता. लग्नकार्याला चार तास वायर दिली ती गोष्ट वेगळी, असं लोक म्हणतात. कायदा तसं म्हणत नाही.

आकडा म्हणजे सरळ चोरी, कलम १३५. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. पहिल्या वेळी तडजोड करता येते, घरगुती वापराला किलोवॅटमागे ४,००० रुपये, आणि चोरलेल्या विजेचं बिल त्याशिवाय. पण पैशापेक्षा वाईट म्हणजे दुसऱ्याच दिवशी माणूस पावसात ओल्या काठीने आकडा टाकायला जातो. जून-जुलैत अशी बातमी आली नाही असं वर्ष आम्हाला आठवत नाही. आकडा टाकणारे बहुतेक गरीबच असतात आणि त्यांना मीटर न मिळण्याचं कारण प्रश्न ६ किंवा ८ मधलं असतं. ते आधी सोडवू, फोन करा, आम्ही तुमचं नाव कुणाला सांगत नाही.

१४. घरात चार बल्ब, एक पंखा, एक टीव्ही. एवढं बिल कसं?

चला, हिशोब करू. हजार वॅटचं काहीही एक तास चाललं की एक युनिट.

नऊ वॅटचे चार एलईडी रोज पाच तास म्हणजे १८० वॅट-तास. पंखा ७५ वॅटचा, दहा तास, ७५०. टीव्ही ६० वॅटचा, चार तास, २४०. एकूण ११७०, म्हणजे दिवसाला सव्वा युनिटच्या आत, महिन्याला साधारण ३५ युनिट. आता तेच चार बल्ब जुने, ६० वॅटचे पिवळे असतील तर एकट्या बल्बांचे दिवसाला १.२ युनिट होतात, म्हणजे वरच्या सगळ्या घरापेक्षा जास्त.

बिलात युनिटच्या दराशिवाय स्थिर आकार असतो, वहन आकार असतो, आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. म्हणून एकही बल्ब न लावता बिल येतं. दर टप्प्याने वाढतो: शंभरपर्यंत एक दर, १०१ ते ३०० ला वेगळा. दारिद्र्यरेषेखालच्या घरांचा दर सगळ्यांत कमी आहे, पण वर्षात ३६० युनिटच्या आत राहावं लागतं. घरगुती पिठाची चक्की आणली की त्या यादीतून बाहेर पडलात असं समजा.

बिलावर रीडिंगच्या जागी "लॉक" किंवा "फॉल्टी" छापलं असेल तर ते सरासरी बिल आहे. मीटर बंद पडला तर सरासरीने जास्तीत जास्त तीन महिने आकारता येतं. त्यापुढे सरासरी येत राहिली तर हक्काने भांडा.

१५. तक्रार कुठे करायची? ऑफिसात कुणी ऐकत नाही.

आधी १९१२ किंवा १८००-२१२-३४३५, १८००-२३३-३४३५ या टोल फ्री क्रमांकांवर. तक्रार क्रमांक लिहून घ्या, चुलीजवळच्या भिंतीवर का होईना. मग उपविभागात लेखी. तरी नाही झालं तर ग्राहक तक्रार निवारण मंच, तिथे वकील लागत नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांत जायचं. मंचाचा निकाल मान्य नसेल तर ६० दिवसांत विद्युत लोकपालाकडे, सोलापूरसाठी ते मुंबईत. कलम १२६ आणि १३५ ची प्रकरणं मात्र मंचात चालत नाहीत, त्यांचा रस्ता वेगळा आहे.

१६. बिल थकलं तर सांगितल्याशिवाय लाईट तोडता येते का?

नाही. कलम ५६ प्रमाणे पूर्ण १५ दिवसांची नोटीस हवी. ती एसएमएसने आली तरी धरतात, म्हणून मीटरला जोडलेला मोबाईल नंबर चालू ठेवा. पोराचा जुना नंबर दिलेला असतो, पोरगा पुण्याला, आणि नोटीस त्याच्या बंद पडलेल्या सिमवर. रकमेवर वाद असेल तर निषेध नोंदवून भरा, किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम भरा. निकाल लागेपर्यंत तोडता येत नाही.

१७. डीपी जळाली. वर्गणी काढा म्हणतात.

ग्रामीण भागात जळालेला ट्रान्सफॉर्मर ४८ तासांत बदलायचा असतो, आणि ने-आण कंपनीने करायची असते. वर्गणी द्यायची गरज नाही. पण पीक वाळत असताना ट्रॅक्टर कुणाचा आणि डिझेल कुणाचं यावर कुणी वाद घालत नाही, ट्रॅक्टर निघतो. आम्हीही काढलाय. निदान तक्रार आधी १९१२ वर नोंदवा, म्हणजे तास मोजले जातात.

१८. फताटेवाडीला एवढा मोठा प्रकल्प, चिमणी आमच्या घरातून दिसते. तरी आमची लाईट जाते. आमच्या हक्काची वीज कुठे जाते?

सोलापूर औष्णिक प्रकल्प ६६० मेगावॅटच्या दोन संचांचा, एकूण १३२० मेगावॅट. ती वीज अतिउच्च दाबाच्या वाहिन्यांनी राष्ट्रीय ग्रिडमध्ये जाते आणि करार केलेल्या राज्यांमध्ये वाटली जाते. तिथून आपल्या गावात यायला तिला उपकेंद्र, ३३ केव्ही (म्हणजे ३३ हजार व्होल्ट), ११ केव्ही, डीपी असे टप्पे उतरावे लागतात. तुमची लाईट जाते ती या शेवटच्या टप्प्यात: झंपर (खांबावर तारा जोडणारा तुकडा) तुटला, फांदी पडली, फ्यूज उडाला. प्रकल्प दारात असो की छत्तीसगडला, त्याने फरक पडत नाही. चिमणीचा धूर आपल्याला आणि वीज सगळ्यांना, हे मात्र टोचतं, नाही असं नाही.

१९. पत्र्याचं घर आहे. करंट येतो कधी कधी. आणि ११ केव्हीची तार घरावरून जाते.

हे वाचून थांबू नका, आजच मेन स्विच बंद करा. पत्र्याच्या घरात वायर पत्र्याला घासते, साल निघते, आणि सगळी भिंत जिवंत होते. वायर पाईपातून घ्या. अर्थिंग करा: खड्डा, कोळसा, मीठ, पाईप, आणि उन्हाळ्यात त्यात पाणी. आपल्या कोरड्या मुरमाड जमिनीत पाणी न घातलेलं अर्थिंग एप्रिलमध्ये नसल्यासारखंच. मीटरनंतर ३० मिलिअँपियरचं आरसीसीबी बसवा, करंट गळला की ते आपोआप पडतं. कपडे वाळत घालायला लोखंडी तार नको, नायलॉनची दोरी घ्या.

घरावरच्या ११ केव्हीच्या तारेपासून छतापर्यंत किमान ३.७ मीटर अंतर लागतं, साध्या लाईनला २.५ मीटर. लाईन आधीची आणि घर नंतरचं असेल तर ती हलवायचा खर्च बहुधा घरमालकावर येतो. म्हणून पाया खणण्याआधी वर बघा.

२०. वस्तीवर लाईन येत नाही, तर सोलरच बसवू का? सूर्यघरमध्ये बसेल?

पीएम सूर्यघर योजनेसाठी आधी वीजजोडणी लागते. एक किलोवॅटला ३०,०००, दोनला ६०,०००, तीन किंवा जास्तला ७८,००० अनुदान आहे, पण ते ग्रिडला जोडलेल्या सोलरला. आणि त्यातली मेख अशी की ग्रिडची लाईट गेली की हे सोलरही बंद पडतं, भर दुपारीसुद्धा. लाईनवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी ते तसं केलेलं असतं.

लाईनच नसेल तर बॅटरीवालं सोलर लागेल. सौभाग्यमध्ये दुर्गम घरांना २०० ते ३०० वॅटचं पॅनेल, पाच एलईडी, एक डीसी पंखा आणि एक प्लग देत होते. एवढ्यावर घर चालतं, फ्रिज चालत नाही. बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते, तो खर्च आधीच धरा. सौर कृषिपंपाच्या पॅनेलवरून घर चालवायचा विचार असेल तर पंपाच्या कंट्रोलरला हात लावू नका, हमी जाते.

२१. घरकुल मंजूर झालं. जुनं घर पाडायचं आहे. मीटर आम्हीच काढून ठेवू का?

नको. सील तुटलं की संशय तुमच्यावर. अर्ज द्या, वायरमन काढून नेईल किंवा तात्पुरता बाजूच्या खांबावर बसवेल.

२२. आम्ही दसऱ्यानंतर कोयता घेऊन कारखान्यावर जातो, चार-पाच महिने घर बंद. परत आलो की मोठं बिल किंवा मीटरच गायब. काय करावं?

घर बंद म्हणजे रीडिंगला आलेल्या माणसाला कुलूप दिसतं, मग सरासरी बिल निघतं. ते थकतं, नोटीस कुणी घेत नाही, आणि जोडणी आधी तात्पुरती मग कायमची तुटते. आल्यावर नवीन जोडणी घ्यायची पाळी.

जाण्याच्या आदल्या दिवशी मेन स्विच बंद करा आणि मीटरचा फोटो काढा, आकडा आणि मीटर क्रमांक दिसेल असा. मीटर घराबाहेर, कुडाच्या भिंतीला लावून घेतलेलं असेल तर उत्तम, म्हणजे कुलपाचा प्रश्नच नाही. महावितरणच्या ॲपवरून रीडिंग स्वतः पाठवता येतं. मुकादमाच्या टोळीत एक तरी पोरगा असतो ज्याला ते जमतं. दर महिन्याचं स्थिर आकाराचं बिल तिथूनच भरा. शक्य असेल तर जाताना थोडी रक्कम आगाऊ भरून ठेवा, ती बिलात वजा होत राहते. आणि फडावर कोपीत राहताना कारखान्याच्या लाईनवरून आकडा टाकू नका. पाचटाची कोपी एका ठिणगीत जाते. दिवसा उन्हात ठेवायचा सौर कंदील सोबत न्या, बैलगाडीच्या साटीला बांधला की फडात चालता चालता चार्ज होतो.